मानेवरची खूण

डोकेदुखीवर ऑपरेशन असतं असं म्हटलं की मांडवीतल्या आमच्या शेजारणी अजून माझ्याकडे बघून हसतात. "काय गो सुलू, डोकंच उतरवून ठेवतात की काय?" असं एकीनं विचारलं आणि बाकीच्या फिदीफिदी हसल्या. मी नाही हसले. त्या ऑपरेशनचं नाव काढलं की मला एक शनिवार आठवतो. रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी आठवतो. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून मागे लागलेल्या मंडळींना माझ्याकडून हॉस्पिटलातल्या गमतीजमती हव्या असणार. गमती ढीगभर आहेत. पण आता लिहायला बसलेच आहे, तर जे आजवर कुणाला धड सांगितलं नाही तेच लिहिते. छापायचं की नाही ते तुमचं तुम्ही बघा.

मी रत्नागिरीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात ऑपरेशन थिएटरची सिस्टर होते, एकतीस वर्षं. थिएटरला आम्ही ओटी म्हणतो. ओटीतली सिस्टर म्हणजे डॉक्टरच्या हातात कात्र्या-चिमटे देणारी बाई, एवढंच लोकांना माहीत असतं. देणं हे त्यातलं सगळ्यात सोपं काम. टेबलावर आलेला पेशंट तोच आहे ना, तो उपाशी आहे ना, तोंडात कवळी राहिली नाही ना, आत गेलेला प्रत्येक कापसाचा बोळा बाहेर आला ना, हे सगळं बघायचं आणि तेही घाबरत बघायचं. नव्या मुली विचारायच्या, "सिस्टर, इतक्या वर्षांनी तुम्हाला भीती नाही ना वाटत?" मी म्हणायचे, "ज्या दिवशी वाटणार नाही त्या दिवशी मला घरी पाठवा." दिमाखानं म्हणायचे. मला माझ्या घाबरटपणाचा फार अभिमान होता.

आमच्याकडे महिन्यातल्या एका शनिवारी पुण्याहून एक प्लास्टिक सर्जन यायचे. त्यांचं नाव लिहीत नाही, आम्ही साहेबच म्हणायचो. लोट्याच्या कारखान्यांत केमिकलनं भाजलेले हात, लहान पोरांचे फाटके ओठ, अशी कामं ते करायचे. त्यांनीच ही डोकेदुखीची ऑपरेशनं आमच्याकडे आणली. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही तोंडावर पदर घेतला होता. मग त्यांनी मला बसवून समजावलं. कवटी उघडायची नाही, मेंदूला हात लावायचा नाही. काही लोकांची अर्धशिशी ठराविक ठिकाणाहून उठते. कुणाची भुवईतून, कुणाची कानशिलातून, कुणाची मानेच्या वरच्या अंगाला केस सुरू होतात तिथून. त्या जागी कातडीखालून एक नस वर येते आणि ती स्नायूत आवळली जाते. ती मोकळी केली की काहींचे झटके कमी होतात, काहींचे जवळजवळ थांबतात. आणि काहींना काडीचा फरक पडत नाही, हेही ते पहिल्याच भेटीत सांगायचे. गावातले दोन-तीन डॉक्टर याला थेर म्हणायचे. साहेब म्हणायचे, "बरोबर आहे त्यांचं. भलत्या पेशंटवर केलं तर थेरच आहे."

म्हणून ते दहातल्या नऊ जणांना परत पाठवायचे. त्यांची पहिली परीक्षा अगदी साधी होती. "दुखणं कुठून सुरू होतं? एका बोटानं दाखवा." आमच्या मांडवीतलेच एक आप्पा, बोटीवर चाळीस वर्षं काढलेले, मोठ्या रुबाबात आले आणि आख्खा पंजा डोक्यावर ठेवून म्हणाले, "हे सगळं!" साहेब म्हणाले, "बोट, आप्पा, बोट." आप्पांनी दुसरा पंजाही ठेवला. साहेबांनी त्यांना गोळ्या लिहून दिल्या आणि बिड्या सोडायला सांगितलं. आप्पा जे चिडले ते मला रस्त्यात दिसले की अजून तोंड फिरवतात. जे एका बोटानं नेमकी जागा दाखवायचे त्यांना एक वही मिळायची. दुखलं की तारीख लिहायची आणि छापलेल्या गोल डोक्याच्या चित्रावर ठिपका द्यायचा. मग त्या जागी बधिरतेचं इंजेक्शन देऊन बघायचं, दुखणं थांबतं का. थांबलं तर पुढची गोष्ट.

रसिका या सगळ्यातून पास झालेली पोर. चौतीस-पस्तीस वर्षांची, संगमेश्वराच्या आतल्या गावची, दिलेली खेडला. नवरा-बायको दोघं लोट्याच्या कंपनीत, ती लॅबमध्ये. बाटल्यांवर लेबलं लावणं, नमुने तपासणं हे तिचं काम, आणि केमिकलचा वास हाच तिचा वैरी. महिन्यातले बारा-पंधरा दिवस ती अंधाऱ्या खोलीत उलट्या करत पडायची. कंपनीनं सांगून ठेवलं होतं, आता आणखी रजा नाही. ती मला म्हणाली, "सिस्टर, नोकरी गेली तर जाऊ दे एक वेळ. पण माझी मुलगी सहा वर्षांची आहे. ती घरात पाय न वाजवता चालायला शिकली आहे. शाळेत पण तशीच चालते, बाईंनी मला बोलावून विचारलं." हे सांगताना ती रडली नाही. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं.

ती भयंकर घाबरलेली होती. भुलीला, सुरीला, पालथं झोपवण्याला. तिची जागा मानेच्या मागे, केसांच्या कडेला होती, म्हणजे भूल देऊन तिला पालथं करावं लागणार होतं. आदल्या दिवशी वॉर्डात तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "सिस्टर, माणूस पालथा घातल्यावर तुम्हाला डावं-उजवं कसं कळतं?" लॅबमधली पोर, तिच्या डोक्यात असलाच प्रश्न येणार. मी खो खो हसले. "अगो बाई, माझी हयात गेली यात! आणि सकाळी साहेब स्वतः येऊन पेनानं खूण करतात. तू आपली निवांत झोप."

त्या शनिवारी चार ऑपरेशनं होती. पहिलं लोट्याचा भाजलेला हात, दुसरी रसिका. साहेबांनी सकाळी वॉर्डात फेरी मारून तिला बोटानं जागा दाखवायला सांगितली आणि जांभळ्या पेनानं फुली मारली. मी तेव्हा ओटीत हाताच्या ऑपरेशनची मांडामांड करत होते. फुली मारताना शेजारी रात्रपाळीची सिस्टर होती, ती ड्यूटी संपवून घरी गेली. एवढं लक्षात ठेवा.

रसिकाला भूल दिली, नळी घातली, आणि आम्ही चौघांनी मिळून तिला अलगद पालथं केलं. मी केसांचा मधून भांग पाडून दोन्हीकडे रबर लावले. साहेब उगाच केस कापत नसत, बायकांना त्याचं फार वाटतं म्हणून. आणि माझा हात तेलानं माखला. केस, मान, कानामागे, सगळीकडे खोबरेल चोपडलेलं. मला असा संताप आला म्हणून सांगू! पेशंटला तेल लावायचं नाही, हे आम्ही तीन-तीनदा सांगतो. तिच्या आईनं पहाटे उठून, पोरीचं डोकं थंड राहू दे म्हणून, वाटीभर तेल जिरवलं होतं. तेलकट कातडीवर चादर चिकटत नाही, औषध बसत नाही. मी तणतणत मोठा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि या कानापासून त्या कानापर्यंत मान खसाखसा पुसून काढली. दोनदा.

मग बोळ्याकडे नजर गेली. तो जांभळा झाला होता.

मी मान बघितली. स्वच्छ. फुलीचा मागमूस नाही. तेलावर मारलेली फुली मुळात पुसटच असणार, ती मला दिसलीच नव्हती, कारण मी बघितलंच नव्हतं, चिडले होते. बाकीचे पुढच्या तयारीला गेले होते, खोलीत फक्त भूल देणाऱ्या मॅडम होत्या, त्या त्यांच्या मशीनकडे बघत होत्या. मी तो बोळा बादलीत टाकला आणि त्याच्यावर दुसरा बोळा टाकला. तो दुसरा बोळा मी का टाकला, हे मला पक्कं ठाऊक आहे. कुणाला दिसू नये म्हणून.

संमतीच्या कागदावर बघितलं तर "मानेमागील नस मोकळी करणे" एवढंच. तेव्हा बाजू लिहायची पद्धत आमच्याकडे नव्हती. साहेबांची स्वतःची फाईल पुण्यात. मी परत मानेकडे बघितलं आणि मला उजव्या कानामागे, केसांच्या आत, रुपयाएवढा काळा डाग दिसला. बिब्ब्याचा. बिब्बा गरम करून त्याचं तेल कातडीला लावतात, फोड येतो आणि डाग पडतो. आमच्याकडे गुडघा दुखला की गुडघ्याला, पाठ दुखली की पाठीला. मी मनात म्हटलं, सापडली रे बाबा! जिथे बिब्बा तिथे दुखणं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. मी हात धुतले, गाऊन चढवला, टेबलाशी उभी राहिले.

साहेब आत आले. "सिस्टर, खूण दिसत नाही."

"तेल होतं साहेब डोक्याला. पुसट झाली. उजवी बाजू."

खोटं म्हणावं तर अर्धंच खोटं. त्यांनी स्टँडवर लावलेली रसिकाची वही बघितली. गोल डोकं, त्यात कागदाच्या उजव्या हाताला ठिपके. "हो, उजवीकडेच आहेत ठिपके," ते म्हणाले. सकाळपासून चार पेशंटांवर फुल्या मारलेला माणूस तो. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. "तुम्ही म्हणताय म्हणजे प्रश्नच नाही." त्यांनी उजव्या बाजूला रक्त कमी यावं आणि जागा बधिर व्हावी म्हणून इंजेक्शन दिलं. ते भिनायला सात-आठ मिनिटं थांबावं लागतं. सगळे थांबलो.

ती सात-आठ मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. कामात असताना माणसाला विचार करायला फुरसत नसते, आणि इथे नेमकी फुरसत मिळाली. हात छातीशी धरून मी उभी आणि समोर त्या हिरव्या चादरीच्या चौकोनात एका पोरीची वीतभर मान. मला माझी मालगुंडची आत्या आठवली. तिला अर्धशिशी होती. आजी पहाटे तिच्या नाकात आल्याचा रस पिळायची, आणि आत्या ओरडायची, "आई, ही नव्हे, दुसरी नाकपुडी!" कारण डोकं डावं दुखत असलं तर रस उजव्या नाकपुडीत घालायचा. दुखणं उलट्या बाजूला ओढून काढायचं. गुडघ्याची गोष्ट वेगळी. अर्धशिशीला सगळं उलट करतात. माझ्याच घरात करत होते की हो! मग बिब्बा?

मी वहीकडे बघितलं. गोल डोकं, नाक नाही, डोळे नाहीत. ते चित्र तोंडाकडून काढलेलं समजायचं की पाठीकडून? तोंडाकडून समजलं तर कागदाची उजवी म्हणजे पेशंटची डावी. आरशात बघून ठिपके देणाऱ्या बायका मी स्वतः बघितल्या होत्या. म्हणजे वही काहीच सांगत नव्हती. बिब्बा सांगत होता तो कदाचित बरोबर उलटं सांगत होता. आणि फुली बादलीत होती.

सांग, सांग, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. आणि दुसरं कुणीतरी म्हणत होतं, गप्प बस. उजवी असेलही. निम्मी शक्यता आहे. बोललीस तर इतक्या वर्षांची अब्रू आत्ता या खोलीत जाईल. आतापर्यंत मी हजारो वेळा पेशंटसाठी घाबरले असेन. त्या दिवशी मी आधी स्वतःसाठी घाबरले होते, आणि ते लिहिताना आजही माझा हात थांबतो.

साहेबांनी उजवा हात पुढे केला. "ब्लेड."

ब्लेड माझ्या हातात होतं. मी ते दिलं नाही.

"सिस्टर? ब्लेड."

"साहेब, खूण मी पुसली," मी म्हटलं. आवाज माझा नव्हताच. "पुसट झाली नव्हती, मी पुसली. उजवी मी बिब्ब्यावरून सांगितली. मला माहीत नाही कुठली बाजू आहे."

त्यांचा हात तसाच हवेत राहिला. मग हळूहळू खाली गेला. भुलीच्या मॅडमनी वळून बघितलं. साहेब ओरडणारे नव्हते, आणि तेच वाईट होतं. त्यांनी विचारलं, "बोळा कुठाय?" मी बादली दाखवली. आमच्या पार्वती मावशी, ओटीच्या आया, त्यांनी चिमट्यानं वरचा बोळा बाजूला केला आणि खालचा उचलून दाखवला. जांभळा. साहेबांनी तो बघितला आणि माझ्याकडे बघितलं नाही.

रात्रपाळीच्या सिस्टरला फोन लावला, तो बंद. पार्वती मावशींना बाहेर पाठवलं, रसिकाच्या आईला विचारून या, कुठल्या बाजूला दुखतं. त्या दोन मिनिटांत परत आल्या. "म्हातारी म्हणते डाव्या अंगाला दुखतं. मी म्हटलं मग बिब्बा उजवीकडे कसा? तर मलाच हसली. म्हणाली, अर्धशिशीचा बिब्बा दुकत्या अंगाला कोण घालतां? तुमी शिकली-सवरलेली मान्सा, तुमास इतका म्हाईत नाय?"

मला वाटलं जमिनीनं दुभंगून आत घ्यावं.

"चला, डावी तर डावी," भुलीच्या मॅडम म्हणाल्या. साहेबांनी मान हलवली. "नाही. बिब्ब्यावर कापणार होतो, आता आईच्या शब्दावर कापू? हिला उठवा. ही स्वतः बोट दाखवेल तिथेच कापीन. आणि हिला सगळं सांगायचं." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळून, "तुम्ही सांगायचं."

रसिका शुद्धीवर आली तेव्हा मी तिच्या उशाशी होते. तिनं डोळे उघडले, हसायचा प्रयत्न केला. "झालं?" मग हात मानेकडे गेला. पट्टी नव्हती. बोटं चाचपत चाचपत उजवीकडे गेली आणि थांबली. इंजेक्शनमुळे तिथली कातडी बधिर होती. तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कधी कुणाच्या चेहऱ्यावर बघितलेलं नाही. "सिस्टर, उजवीकडे बधिर का लागतंय? माझं डावीकडे दुखतं. सिस्टर, उजवीकडे काय केलंत तुम्ही?"

"काही कापलेलं नाही बाळा. देवाशपथ. फक्त सुई टोचली." आणि मी सांगितलं. तेल, बोळा, बिब्बा, सगळं. दुसरा बोळा टाकला तेही सांगितलं. ती ऐकत होती, आणि दोन्ही हातांनी चादर गळ्यापर्यंत ओढत होती, जसं काही मी अजून तिला काही करणार आहे.

सगळं ऐकून ती म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं."

एवढंच. मी हसले होते ते तिनं बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं वाटलं असतं.

साहेबांनी तिला सांगितलं, घाई नाही, पुढच्या महिन्यात करू. किंवा नकोच असेल तर घरी जा, तेही चालेल. ती कितीतरी वेळ वर पंख्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आज घरी गेले तर मी परत यायची नाही. मी ओळखते स्वतःला. आजच करा." भुलीच्या मॅडमनी तपासून सांगितलं, दुपारनंतर पुन्हा भूल देता येईल. साहेब हो म्हणाले. तेव्हा तिनं माझ्याकडे बोट केलं.

"पण या आत नकोत."

इतक्या वर्षांत मला कुणी ओटीबाहेर काढलं नव्हतं. साहेबांनी एक शब्द माझ्या बाजूनं उच्चारला नाही, आणि ते बरोबरच होतं. वॉर्डातल्या दुसऱ्या सिस्टरला बोलावून घेतलं. दुपारी रसिकाला पुन्हा टेबलावर घेतलं तेव्हा मी माझी टोपी काढली, बाहेरच्या चपला घातल्या आणि दारातून बाहेर आले. मागे दार बंद झालं.

ओटीबाहेर एक लाकडी बाकडं आहे. त्यावर रसिकाची आई बसली होती. सुरकुतलेली, काटक, नऊवारी नेसलेली, मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरलेली. त्या पिशवीत कागदाच्या पुडीत लेकीचं मंगळसूत्र आणि बांगड्या होत्या. सकाळी ओटीच्या दारात मीच उतरवून तिच्या हातात दिल्या होत्या. दुसरीकडे कुठे बसायला जागा होती की नाही आठवत नाही. मी तिच्या शेजारी बसले. त्या बाकड्यावर मी कधीच बसले नव्हते. दाराच्या आतून काही म्हणजे काही ऐकू येत नाही, हे मला तेव्हा कळलं. आम्ही आत बोलतो, कधी हसतो, मशीन टिकटिक करतं, आणि बाहेर नुसतं बंद दार.

म्हातारीनं माझ्याकडे बघितलं. "बाय, तू भायेर कशी? आतमधी माज्या पोरीजवळ कोन हाय?"

"दुसऱ्या सिस्टर आहेत, आई. चांगल्या आहेत."

"तू थरथरतंस का गो?" असं म्हणून तिनं माझ्या मांडीवर हात ठेवला. खरखरीत, गरम हात. "भिव नको. व्हईल ठीक सगळा." मला धीर देत होती ती! जिची पोर आत होती ती मला धीर देत होती. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हजार नातेवाइकांना मी हेच वाक्य म्हटलं असेन, आणि म्हणताना बहुतेक वेळा माझं लक्ष घड्याळाकडे असायचं.

गप्प बसले असते तर चालण्यासारखं होतं. तिला काहीच कळलेलं नव्हतं. बाजू विचारायला मावशी का आल्या हेही तिला उमगलं नव्हतं, उशीर का होतोय तेही नाही. रसिकानं सांगितलं असतं किंवा नसतं. पण तो हात मांडीवर असताना मला गप्प बसवेना. मी सांगितलं. हळू आवाजात, तिच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत. "तुमच्या पोरीच्या भलत्या अंगाला सुरी लागणार होती, आई. माझ्यामुळे. तुमच्या पोरीनं मला आत नको म्हटलंय."

तिनं माझ्या मांडीवरचा हात काढून घेतला.

मला वाटलं आता ही उठून दूर जाऊन बसेल, नाहीतर शिव्या घालेल. तिनं दोन्हीतलं काही केलं नाही. हात पिशवीवर ठेवला आणि बसून राहिली. मग म्हणाली, "तेल मीच लावलेलां."

"तुमचा दोष नाही त्यात."

"लावायचा नाय असा सांगितलेला आमास. मी आयकला नाय." तिनं पदरानं डोळे पुसले. "माज्या आयेनं माज्या बाळंतपनात असाच तेल लावला व्हता."

मला आत काय चाललं असेल त्याचं प्रत्येक पाऊल माहीत होतं, आणि त्यानं भीती कमी होण्याऐवजी वाढतच होती. आता पालथं केलं असेल. आता चादरी टाकल्या असतील. आता त्या सात-आठ मिनिटांची वाट बघत असतील. आता हात पुढे केला असेल. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं, ती नुसती दाराकडे बघत होती. दोघींत जास्त घाबरलेलं कोण होतं, देव जाणे. पार्वती मावशींनी दोन कप चहा आणून ठेवला, तो तसाच थंड झाला. साय धरलेली मला अजून दिसते.

दीड तासानं दार उघडलं. साहेब टोपी काढत बाहेर आले. त्यांनी आधी म्हातारीकडे बघितलं. "झालं, आई. डावीकडची नस मोकळी केली. चांगली आवळली होती. शुद्धीवर येतेय. डोकेदुखी किती कमी होईल ते दोन-तीन महिन्यांनी कळेल. आत या, बघून जा."

म्हातारी उठली. गुडघ्यांवर हात टेकून, एकदम नाही उठता आलं तिला. मी हात पुढे केला, तो तिनं घेतला नाही. स्वतःची स्वतः उभी राहिली, दोन पावलं दाराकडे गेली, आणि थांबली. चप्पल काढली. मग मागे वळली, परत बाकड्याशी आली आणि हातातली पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

"पोरीचा सौभाग्य हाय त्यात," ती म्हणाली. "बघशील ना नीट?"

मी मान हलवली. ती आत गेली आणि दार पुन्हा बंद झालं. ती बाहेर येईपर्यंत मी पिशवीवर दोन्ही हात ठेवून बसले होते.